‘मुख्य’ पत्ता एकच: डेटाबेसमध्ये फ्लॅग एकाच नोंदीवर कसा राखायचा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली असताना म्हापशातल्या एका दुकानातून पार्सल निघालं. आत काजूगर, माडाचा गूळ, आमसुलं. ग्राहक वास्कोत राहणारे, पण चवथ त्यांची पेडण्याच्या मूळ घरात. त्यांनी आधीच मोबाइलवरून मुख्य पत्ता बदलून गावचा केला होता. तरी पार्सल पोचलं वास्कोच्या बंद फ्लॅटच्या दाराशी. कुरिअरवाल्याने दोनदा फोन लावला, गावच्या घरात रेंज नव्हती, आणि सामान फिरून म्हापशाला आलं तोवर विसर्जनही झालं होतं.

दुकानाचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. दुकान चालवणाऱ्या काकींनी मला विचारलं, “अगं, त्यांनी पत्ता बदलला होता म्हणतात. मग तिकडे गेलं कसं?” टेबल उघडून बघितलं तर त्या ग्राहकाचे तीन पत्ते होते आणि त्यांतल्या दोघांपुढे मुख्य या कॉलममध्ये ‘ट्रू’ होतं. पार्सलवर चिकटवायचा पत्ता काढणारी क्वेरी “मुख्य असलेला पत्ता दे, लिमिट १” अशी होती. दोनपैकी जो आधी हाती लागला तो तिने दिला. लिमिट १ नसतं तर प्रोग्रॅम तिथेच अडला असता आणि चूक दुकानातच कळली असती.

ही चूक फार सर्रास होते. मुख्य पत्ता, मुख्य फोन नंबर, होमस्टेच्या फोटोंमधलं मुखचित्र, चालू आर्थिक वर्ष, सध्याचं दरपत्रक: जिथे जिथे अनेक नोंदींपैकी एकीवर खूण (म्हणजेच फ्लॅग) करायची असते तिथे तिथे एके दिवशी दोन खुणा सापडतात. नुकतंच डेटाबेसचं काम शिकणाऱ्यांनी हे पहिल्याच प्रकल्पात नीट बांधावं म्हणून ते पायरीपायरीने लिहिते आहे. टेबल, इन्सर्ट, अपडेट, ट्रान्झॅक्शन हे शब्द ओळखीचे असले की पुरे. उदाहरणं पोस्टग्रेसची आहेत. बाकीच्या डेटाबेसांचं पुढे येईल. आज्ञा इथे नागरीत दिल्या आहेत. सिलेक्ट, अपडेट, व्हेअर असे कीवर्ड आणि आकडे टाइप करताना रोमनमध्येच लिहावे लागतात. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र नागरीत ठेवली तरी पोस्टग्रेसला चालतात.

पायरी १: नियम आधी मराठीत पूर्ण लिहा

“मुख्य पत्ता एकच हवा” हे वाक्य अपुरं आहे. कशात एकच? सबंध टेबलात एकच म्हटलं तर दुकानाच्या सगळ्या ग्राहकांत मिळून एकालाच मुख्य पत्ता मिळेल. आपल्याला हवं आहे ते ‘दर ग्राहकामागे एकच’. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. सरपंचांची यादी ठेवणाऱ्या टेबलात ‘सध्याचा सरपंच’ अशी खूण १९१ नोंदींवर असू शकते, पण एका पंचायतीत एकाच नोंदीवर. उलट, दुकानाच्या शाखांच्या टेबलात ‘मुख्यालय’ ही खूण खरोखरच सबंध टेबलात एकदाच यायला हवी. ही व्याप्ती ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढची आज्ञा तिच्यावरच उभी आहे.

दुसरा प्रश्न: एकच म्हणजे ‘जास्तीत जास्त एक’ की ‘नेमका एक’? कानाला दोन्ही सारखे लागतात, बांधायला फार वेगळे आहेत. आपल्याकडे कितीतरी घराण्यांत भाऊ चार गावांत राहतात, पण चवथीचा गणपती मूळ घरातच येतो, दोन घरांत येत नाही. सुतक आलं तर मात्र त्या चवथीला तो बसतही नाही. म्हणजे हा नियम ‘जास्तीत जास्त एक’ असा आहे, शून्य चालतो. तुमच्या ग्राहकाने अजून एकही पत्ता दिलेला नाही, हे चालणार आहे ना? बहुतेक ठिकाणी चालतं. तेव्हा आधी ‘जास्तीत जास्त एक’ पक्कं करू. ‘नेमका एक’ची वाट शेवटाकडे दाखवते.

टेबल असं धरा. नाव पत्ते. कॉलम: आयडी, ग्राहक_आयडी, मजकूर, बदलल्याची_वेळ, आणि मुख्य. मुख्य हा बूलियन (ट्रू किंवा फॉल्स), नॉट नल (रिकामा ठेवता न येणारा), डिफॉल्ट फॉल्स. नॉट नल विसरू नका. बूलियनला नल चालू दिला की ट्रू, फॉल्स आणि ‘माहीत नाही’ अशा तीन अवस्था होतात, आणि त्या तिसरीचा अर्थ वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही.

पायरी २: पहिल्यांदा जे सुचतं ते का पुरत नाही

नवशिक्याला पहिली गोष्ट सुचते ती अशी: ग्राहक_आयडी आणि मुख्य या दोन कॉलमांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देणारा नियम, लावू. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. त्याने एका ग्राहकाला एकच ट्रू मिळतो हे खरं, पण फॉल्सही एकच मिळतो. म्हणजे ग्राहकाचा तिसरा पत्ता टेबलात शिरतच नाही.

मग दुसरी गोष्ट सुचते, ती म्हणजे प्रोग्रॅममध्ये काळजी घेणं. पत्ता मुख्य करताना आधी जुन्याची खूण पुसायची, मग नव्याला लावायची:

बिगिन;
अपडेट पत्ते सेट मुख्य = फॉल्स व्हेअर ग्राहक_आयडी = ४२ अँड मुख्य;
अपडेट पत्ते सेट मुख्य = ट्रू व्हेअर आयडी = ७;
कमिट;

हे वाचायला नीट वाटतं. ट्रान्झॅक्शनमध्ये आहे, क्रमही बरोबर आहे. काकींच्या दुकानात नेमकं हेच होतं, आणि तरी दोन ट्रू झाले. कसे झाले ते सावकाश बघा, कारण या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

ग्राहक ४२ चे तीन पत्ते: ५ म्हणजे वास्कोचा जुना फ्लॅट, ६ म्हणजे वास्कोतलाच नवा फ्लॅट, ७ म्हणजे पेडण्याचं घर. आत्ता मुख्य आहे ५. शुक्रवारचा दिवस, म्हापशाला बाजार भरलेला, दुकानात गर्दी. त्याच ग्राहकाच्या घरून कोणीतरी फोन करून सांगतं, “जुना फ्लॅट सोडला, आता नव्यावर पाठवा,” आणि काउंटरवरची मुलगी ६ वर टिचकी मारते. त्याच क्षणी स्वतः ग्राहक मोबाइलवरून ७ निवडतात. दोन ट्रान्झॅक्शनं एकदम सुरू झाली.

काउंटरच्या ट्रान्झॅक्शनने ५ ची खूण पुसली आणि ती नोंद कुलपात ठेवली, ६ ला खूण लावली, अजून कमिट केलेलं नाही. मोबाइलच्या ट्रान्झॅक्शनचं पहिलं अपडेट सुरू झालं. त्याला ‘ज्यांच्यावर खूण आहे त्या नोंदी’ शोधायच्या आहेत. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर प्रत्येक आज्ञा ती सुरू होण्याआधी कमिट झालेला डेटा बघते. त्या घडीला कमिट झालेल्या डेटात खूण आहे ती फक्त ५ वर. ६ वरची अजून कोणाला दिसत नाही. म्हणून मोबाइलच्या अपडेटने ५ पकडली. तिला कुलूप आहे, म्हणून ते थांबलं. काउंटरने कमिट केलं, कुलूप सुटलं. मोबाइलच्या अपडेटने ५ पुन्हा तपासली: खूण आता नाही, तेव्हा सोडून दिली. ६ तर त्याच्या यादीत आलीच नव्हती. एकही नोंद न बदलता पहिली आज्ञा संपली. मग दुसऱ्या आज्ञेने ७ ला खूण लावली आणि कमिट झालं.

आता ६ ही मुख्य आणि ७ ही मुख्य. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

कोणाचीही आज्ञा चुकलेली नाही हे लक्षात घ्या. बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत दुसरं कोणी येऊन गेलं. आपला प्रोग्रॅम कितीही सावध असला तरी दुसऱ्याचं कमिट न झालेलं लिखाण त्याला दिसत नाही. पुष्कळांना यावर ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहावासा वाटतो, पण ट्रिगरमधल्या तपासणीलाही तीच मर्यादा आहे. तिलाही समोरचं अर्धवट काम दिसत नाही. ते बघू शकतो तो युनिक इंडेक्स, म्हणजे तीच किल्ली दोनदा येऊ न देणारी डेटाबेसची सूची, कारण सगळ्या ट्रान्झॅक्शनांची लिखाणं त्याच एका इंडेक्समध्ये उतरतात आणि दुसऱ्याने तीच किल्ली आधीच ठेवलेली असली, कमिट न होता का असेना, तर तो थांबवून ठेवतो. एकपणाची राखण डेटाबेसकडे द्यायची ती याच कारणासाठी.

पायरी ३: आधीच झालेले घोळ शोधा

चालू प्रणालीत नियम आणायचा असेल तर आधी सफाई लागते. दोन खुणा असलेला एकही ग्राहक शिल्लक असेल तर इंडेक्स बनणारच नाही. शोधायची क्वेरी सोपी:

सिलेक्ट ग्राहक_आयडी, काउंट(*) फ्रॉम पत्ते व्हेअर मुख्य ग्रुप बाय ग्राहक_आयडी हॅविंग काउंट(*) > १;

जे सापडतील त्यांतली कोणती खूण ठेवायची, हा प्रश्न डेटाबेसचा नाही. बदलल्याची_वेळ बघून सर्वांत ताजी ठेवावी असं मनात येतं, आणि हजारो नोंदी असतील तर दुसरा उपायही नसतो. अशा वेळी रो_नंबर हे विंडो फंक्शन कामाला येतं: दर ग्राहकाच्या मुख्य पत्त्यांना ताज्यापासून जुन्याकडे क्रमांक द्यायचे आणि ज्यांचा क्रमांक १ पेक्षा मोठा त्यांची खूण पुसायची. वेळ तंतोतंत सारखी निघाली तर आयडी बघायचा, म्हणजे निकाल दर वेळी तोच येईल. पुसण्याआधी जुनी स्थिती वेगळ्या टेबलात उतरवून ठेवा. नंतर कोणी विचारलं तर दाखवता येते.

आमच्याकडे असे ग्राहक बोटांवर मोजण्याइतके निघाले. काकी म्हणाल्या, “अंदाजाने ठरवू नको, मी फोन करते.” त्यांनी सगळ्यांना फोन केले. ज्यांच्याबद्दल मी ‘ताजा तोच खरा’ असं धरून चालले होते, त्यांतल्या एका बाईंचा खरा पत्ता जुनाच निघाला. संख्या कमी असेल तर विचारूनच ठरवा.

पायरी ४: इंडेक्स लावा

हीच ती मुख्य आज्ञा, आणि ती एका ओळीची आहे:

क्रिएट युनिक इंडेक्स ग्राहक_मुख्य_पत्ता_एकच ऑन पत्ते (ग्राहक_आयडी) व्हेअर मुख्य;

याला पार्शल इंडेक्स म्हणतात. टेबलातल्या सगळ्या नोंदी त्यात येत नाहीत. व्हेअरच्या अटीत बसणाऱ्या, म्हणजे मुख्य असलेल्याच येतात. त्या निवडक नोंदींत ग्राहक_आयडी पुन्हा येता कामा नये. फॉल्स असलेले पत्ते इंडेक्समध्ये नाहीतच, तेव्हा ते कितीही असोत. इंडेक्स आकाराने लहान राहतो, आणि “या ग्राहकाचा मुख्य पत्ता दे” ही क्वेरीही त्याच्यामुळे झटपट चालते.

नाव मुद्दाम लांब आणि बोलकं ठेवलं आहे. नियम मोडला की पोस्टग्रेस एरर देताना हेच नाव छापतो. रात्री लॉग चाळणाऱ्याला ‘ग्राहक_मुख्य_पत्ता_एकच’ वाचून काय झालं ते लगेच कळतं; ‘इंडेक्स_१७’ वाचून काही कळत नाही.

सबंध टेबलात एकच खूण हवी असेल, त्या मुख्यालयासारखी, तर इंडेक्स त्या फ्लॅगच्या कॉलमवरच लावायचा: ऑन शाखा (मुख्यालय) व्हेअर मुख्यालय. इंडेक्समध्ये फक्त ट्रू येणार, आणि युनिक असल्यामुळे एकदाच येणार.

टेबल मोठं असेल आणि दुकान चालू असेल तर साधी आज्ञा पुरी होईपर्यंत टेबलात लिहिणं थांबतं. मग क्रिएट युनिक इंडेक्स कंकरंटली वापरा. ती ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, वेळही जास्त घेते, आणि मध्येच दुहेरी नोंद सापडून फसली तर अर्धवट, इनव्हॅलिड असा इंडेक्स मागे ठेवते. तो काढून टाकून, सफाई करून पुन्हा लावावा लागतो.

पत्ते खरोखर न पुसता ‘काढलेला’ अशी खूण करून ठेवत असाल तर अटीत तेही लिहा: व्हेअर मुख्य अँड नॉट काढलेला. नाहीतर ग्राहकाला न दिसणारा एक काढलेला पत्ता मुख्य म्हणून जागा अडवून बसेल.

पायरी ५: खूण एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेणं

इंडेक्स लागला की नवीन माणूस हमखास इथे अडखळतो. चवथीला वास्कोहून पेडण्याला आणि चवथ झाली की परत वास्कोला, अशी अदलाबदल आमचे कितीतरी ग्राहक करतात. एका आज्ञेत ती करण्याचा मोह होतो:

अपडेट पत्ते सेट मुख्य = (आयडी = ७) व्हेअर ग्राहक_आयडी = ४२;

दिसायला देखणी आहे. सातवर ट्रू, बाकी सगळ्यांवर फॉल्स. पण पोस्टग्रेस युनिक इंडेक्स नोंदीगणिक तपासतो, आज्ञा संपल्यावर नाही. ७ ची पाळी जुन्या मुख्यच्या आधी आली तर क्षणभर दोन ट्रू होतात आणि आज्ञा तिथेच पडते. कोणती नोंद आधी घ्यायची याची काही हमी नाही. तुमच्या संगणकावर दहादा चालेल, आणि दुकानात अकराव्यांदा पडेल. म्हणून वरच्यासारख्या दोनच आज्ञा ठेवा, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आधी पुसणं मग लावणं. मधल्या क्षणी एकही मुख्य नाही अशी स्थिती येते, पण ती बाहेर कोणाला दिसत नाही. बाहेरच्यांना कमिटच्या आधीचं किंवा नंतरचंच दिसतं.

तपासणी ट्रान्झॅक्शनच्या शेवटपर्यंत पुढे ढकलणं पार्शल इंडेक्सला जमत नाही. तेच हवं असेल तर पोस्टग्रेसमध्ये एक्स्क्लुजन कन्स्ट्रेंट आहे, तो ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून मिळतो, त्याला व्हेअरची अट घालता येते आणि डिफरेबलही करता येतं. मला आजवर त्याची गरज पडलेली नाही. दोन आज्ञा पुरतात.

आता पायरी २ मधली तीच टक्कर इंडेक्स असताना झाली तर काय होईल? मोबाइलचं ट्रान्झॅक्शन ७ ला खूण लावायला जाईल, इंडेक्समध्ये ग्राहक ४२ ची ६ वरची खूण आधीच असेल, आणि त्याला एरर मिळेल. कोड २३५०५, युनिक व्हायोलेशन. प्रोग्रॅमने हा कोड ओळखून रोलबॅक करायचं आणि सबंध ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून एकदा पुन्हा चालवायचं. दुसऱ्या खेपेला पहिल्या अपडेटला ६ दिसते, तिची खूण पुसली जाते, ७ वर लागते. ग्राहकाला यातलं काही दिसत नाही. दुसरी आज्ञाच तेवढी पुन्हा चालवू नका. एरर आल्यावर पोस्टग्रेसचं ते ट्रान्झॅक्शन रद्दच झालेलं असतं.

पुन्हा चालवणं टाळायचं असेल तर ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला ग्राहकाची नोंदच कुलपात घ्या: सिलेक्ट आयडी फ्रॉम ग्राहक व्हेअर आयडी = ४२ फॉर अपडेट. मग दुसरा येणारा दारातच थांबतो, पहिल्याचं कमिट झाल्यावर आत येतो, आणि त्याच्या पुढच्या आज्ञांना ताजी स्थिती दिसते. हे छान आहे, मी वापरते. पण इंडेक्सच्या जागी नाही, इंडेक्सच्या जोडीला. कुलूप घ्यायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि उद्या कोणी एक्सेलमधून पत्ते भरायला छोटी स्क्रिप्ट लिहिली तर तिच्या लक्षात ते नसेल. इंडेक्स कोणालाही चुकवता येत नाही.

पायरी ६: स्वतःच्या डोळ्यांनी बघा

हा प्रयोग करायला दहा मिनिटं लागतात आणि तो केल्याशिवाय हे अंगी लागत नाही. इंडेक्स नसलेलं टेबल घ्या, ५ मुख्य ठेवा. पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅमच्या) दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. दोन्हींत बिगिन. पहिलीत ५ पुसा, ६ लावा. दुसरीत पुसण्याची आज्ञा द्या. ती अडकून राहील, प्रॉम्प्ट परत येणार नाही. पहिलीत कमिट करा. दुसरीत लगेच उत्तर येईल: अपडेट ०. तो शून्य नीट बघा, तिथेच ६ निसटली. दुसरीत ७ लावा, कमिट करा, टेबल बघा. दोन ट्रू.

आता ६ आणि ७ च्या खुणा पुसून ५ ला परत लावा, इंडेक्स लावा आणि तेच पुन्हा करा. शून्य तसाच येईल, पण ७ ला लावायला गेलात की एरर.

दुसरा डेटाबेस असेल तर

एसक्यूएलाइटमध्ये पार्शल इंडेक्स ३.८.० पासून, म्हणजे २०१३ पासून आहे आणि आज्ञा जवळजवळ हीच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून मिळतो; तिथे त्याला फिल्टर्ड इंडेक्स म्हणतात आणि अट व्हेअर मुख्य = १ अशी लिहितात. जुन्या प्रोग्रॅमने क्वोटेड आयडेंटिफायर ही सेटिंग बंद ठेवली असेल तर असा इंडेक्स लागल्यावर त्या टेबलातलं इन्सर्ट-अपडेटच नाकारलं जातं, तेवढं आधी तपासून घ्या.

मायएसक्यूएलमध्ये पार्शल इंडेक्स नाही. तिथे नलचा उपयोग करायचा. मायएसक्यूएलच्या युनिक इंडेक्समध्ये नल कितीही वेळा येऊ शकतो. तेव्हा मुख्य असेल तर ग्राहक_आयडी, नसेल तर नल, असा एक जनरेटेड कॉलम बनवून त्याच्यावर युनिक इंडेक्स लावायचा. जनरेटेड कॉलम ५.७ पासून आहेत. ८.०.१३ पासून तर वेगळा कॉलमही नको, तीच अट केस व्हेन वापरून सरळ इंडेक्समध्ये लिहिता येते. फक्त त्याभोवती कंस दुहेरी द्यावे लागतात. नियम मोडला की एरर १०६२. एक इशारा: कोणी चेक कन्स्ट्रेंट सुचवला आणि तुमची आवृत्ती ८.०.१६ च्या आधीची असेल, तर तो कन्स्ट्रेंट मुकाट्याने वाचून सोडून दिला जातो, लागूच होत नाही.

ओरॅकलमध्येही केस व्हेन मुख्य असेल तेव्हा ग्राहक_आयडी, असा फंक्शनवर आधारलेला युनिक इंडेक्स लावतात. किल्लीचे सगळे भाग नल असलेली नोंद ओरॅकल त्या इंडेक्समध्ये ठेवतच नाही, म्हणून काम होतं. मात्र ‘फॉल्सच्या जागी नल ठेवू आणि दोन कॉलमांवर युनिक लावू’ ही मायएसक्यूएलवाल्यांची युक्ती तिथे चालत नाही: एक भाग भरलेला आणि एक नल अशा दोन नोंदींत भरलेला भाग सारखा असेल तर ओरॅकल त्यांना दुहेरीच धरतो. एसक्यूएल सर्व्हरही नल आणि नल सारखे मानतो. नलवर भिस्त ठेवणारी कोणतीही युक्ती दुसऱ्या डेटाबेसवर नेताना पुन्हा तपासा.

फ्लॅगच नको असेल तर

सरपंचांच्या टेबलाकडे परत या. तिथे पदभार घेतल्याची तारीख आहे आणि पद सोडल्याची तारीखही. जो सध्याचा, त्याची पद सोडल्याची तारीख रिकामी. मग वर ‘सध्याचा’ असा फ्लॅग कशाला? एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या की त्या एके दिवशी एकमेकींशी भांडतात. इंडेक्स पंचायत_आयडीवर, व्हेअर पद_सोडल्याची_तारीख इज नल. नियम तोच, फ्लॅग नाही.

पत्त्यांसाठी दुसरी रचना आहे आणि प्रणाली नव्याने बांधत असेन तर मी तीच घेते. खूण पत्त्यावर नको, ग्राहकाकडेच ‘मुख्य_पत्ता_आयडी’ असा कॉलम ठेवा. एका कॉलमात एकच किंमत मावते, म्हणून दोन मुख्य पत्ते होणं शक्यच नाही. बदल करायचा तर एक अपडेट, टक्कर झाली तर शेवटी लिहिणाऱ्याचा पत्ता राहतो, आणि तो एकच असतो. फक्त फॉरेन की नीट बांधा. साधी फॉरेन की ‘असा पत्ता आहे’ एवढंच बघते, तो याच ग्राहकाचा आहे की नाही ते बघत नाही; माझं पार्सल शेजाऱ्याच्या घरी जाऊ शकतं. त्यासाठी पत्ते टेबलात ग्राहक_आयडी आणि आयडी या जोडीवर युनिक लावा, आणि ग्राहक टेबलातून आयडी आणि मुख्य_पत्ता_आयडी या जोडीने त्याच जोडीकडे फॉरेन की न्या.

‘नेमका एक’ हवा असेल तर याच कॉलमला नॉट नल करा. मग ग्राहक आधी की पत्ता आधी हा पेच येतो, कारण दोघांना एकमेकांची गरज. पोस्टग्रेसमध्ये ती फॉरेन की डिफरेबल इनिशियली डिफर्ड ठेवून, पत्त्याचा आयडी सिक्वेन्समधून (पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीतून) आधीच मागून घेऊन, दोन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये भरता येतात; तपासणी कमिटला होते. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीची तपासणी अशी पुढे ढकलता येत नाही, तिथे कॉलम नल चालणारा ठेवून उरलेलं प्रोग्रॅममध्ये सांभाळावं लागतं.

म्हापशाच्या दुकानात मी फ्लॅगच ठेवला आणि वर पार्शल इंडेक्स लावला. जुने रिपोर्ट सगळे त्या कॉलमवर चालत होते, आणि चवथीनंतर दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होणार होत्या. पार्सलच्या क्वेरीतलं लिमिट १ काढून टाकलं. राहिला एक प्रश्न: ग्राहकाने मुख्य पत्ताच काढून टाकला तर? उरलेल्यांतला सर्वांत ताजा आपोआप मुख्य करायची ओळ मी लिहूनही ठेवली होती. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “नको. कुठे पाठवायचं ते त्यांना विचारू. तोवर पार्सल इथेच राहू दे.” ती ओळ काढली. मुख्य पत्ता नसलेल्या ग्राहकांची यादी आता रोज सकाळी काउंटरच्या पडद्यावर वरच दिसते, आणि दुकान उघडलं की आधी ते फोन होतात.